शेकडा कायचा?

गणितात २० मार्क पडले तरी पोट्टं अकरावीत जाईल, हे राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातलं कलम फाट्यावरच्या पानठेल्यावर परवा पुन्हा निघालं आणि क्लासवाले सर तापले. सर तापले की खिशातला पेन काढून हवेत समीकरणं लिहितात.

“गणितातल्या मोठ्या संकल्पना पोरांपर्यंत पोचल्याच पाहिजेत! वर्गसमीकरण! श्रेढी! त्रिकोणमिती!”

“हे तं धड्याईचे नावं झाले, सर,” गजूभाऊ म्हणाला. “मोठी गोष्ट सांगा.”

गजूभाऊ दहावीला आपटला, पण हिशेबात कोणाच्या बापाला ऐकत नाही. प्लास्टिकच्या कागदात खर्रा घोटत घोटतच त्यानं सुरू केलं.

“बँक म्हने शेकडा ७, सावकार म्हने शेकडा ५. माया काकानं ५ वाले घेतले. कमी दिसले ना! बँकेचे ७ होते वर्साले, सावकाराचे ५ दर महिन्याले. शेकडा कायचा, किती दिवसाचा, हे इचारत जा म्हून कोन्या मास्तरनं सांगतलं?”

“चक्रवाढ व्याज आठवीत आहे!”

“मंग सांगा, सावकाराच्या १०० चे वर्सानं किती?”

“१६०. सोपं आहे.”

बंड्यानं मोबाइलवर १.०५ नं बारा वेळा गुणलं. “१७९ रुपये ५९ पैसे, सर.”

“मी सरळव्याज धरलं होतं.”

“सावकार धरते काय? थकलं का व्याज मुदलात घालते थो.”

सरांनी पेन खिशात ठेवला. मला विचाराल तर निकाल इथंच लागला होता. पण गजूभाऊला पीकविमा आठवला, आणि तो आठवला की रात्र होते.

“दुसरी मोठी गोष्ट, सरासरी. महसूल मंडळाचं उंबरठा उत्पन्न, म्हंजे इम्याची रेघ, कसं काढते? मागच्या सात वर्सातले चांगले पाच धरते, त्याची सरासरी, अन् तिचे बी काही टक्केच. पीककापनीत मंडळाचा आकडा त्याच्यावर गेला का इमा नाई. माया नाल्याकाठचं सोयाबीन सडलं, माळावरच्या पाटलाचं झकास आलं. दोघाईची सरासरी काढली तं आमी दोघंई मजेत!”

“माया वावराचं नाव कायले घेतं बे?” पाटील आतापर्यंत गुमान बसले होते. “आंधी दोघाईच्या मधातला धुरा कोरनं बंद कर!”

“धुऱ्याचंच काढता तं हेक्टरचे एकर किती, सांगा.”

“दोन. लहान पोट्टं सांगते.”

“दोन एकर, अन् वर जवळपास १९ गुंठे. माया बापाचं वावर घेतलं तवा तुमच्या बाबूजीनं बी दोनच धरले होते. थे १९ गुंठे कोठी गेले?”

पाटलांचा चहा हातातच राहिला. बंड्या म्हणाला, “अंगात येतात वाटते, गुंठे. पाटलाच्या पोटाचा घेर मोजा.” मग कोणाचंच कोणाला ऐकू येईना. हसत नव्हते ते फक्त सर. ते म्हणत होते, “एककांचं रूपांतर पुस्तकात आहे, पान काढून दाखवतो!”

उठताना ठेलेवाल्यानं सगळं मिळून बिल सांगितलं. सर म्हणाले, “मी फक्त चहाचे देईन. मी खर्रा खात नाही.”

“असं कसं सर,” गजूभाऊ म्हणाला, “सरासरी!”