तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती शाळेच्या विरोधात होते?

‘जे. कृष्णमूर्तींनी ज्ञान निरुपयोगी ठरवलं, शाळा नाकारली, म्हणून मुलांना शाळेतून काढा’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

ज्यांनी शाळा नाकारली म्हणतात, त्यांच्याच प्रेरणेनं आंध्रात ऋषी व्हॅली, वाराणसीत राजघाट आणि 1969 साली इंग्लंडमध्ये ब्रॉकवुड पार्क ही शाळा उभी राहिली. ऋषी व्हॅलीतली मुलं तर दहावीची बोर्डाची परीक्षाही देतात!

गोंधळ बहुधा एका फरकामुळे होतो. ज्ञान म्हणजे साठवण. भाषा, गणित, गाडी चालवणं यांसाठी ती लागतेच, हे ते वारंवार सांगत. शिकणं मात्र त्यांच्या लेखी वेगळं: पाहणं, ऐकणं, स्वतःच्या मनाच्या हालचालींकडे लक्ष देणं. भीती असेल तर हे घडत नाही. आणि भीती येते कुठून? ‘तो बघ किती हुशार’ या तुलनेतून, बक्षीस आणि शिक्षेतून. त्यांचा रोख या तुलनेवर होता, फळ्यावर नव्हे. भ्यालेलं मूल मोठेपणी अधिकारापुढे मान तुकवतं, त्यातूनच तसा समाज घडतो, अशी ती साखळी.

त्याच मजकुरात त्यांना ‘गुरुदेव’ म्हटलंय. पण 1929 मध्ये नेदरलँड्समधल्या ओमेन इथे, इतरांनी त्यांच्याभोवती उभारलेला ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ हा संघच त्यांनी विसर्जित केला होता. अनुयायी नकोत, हे तेव्हाच स्पष्ट सांगून.