सणांची पत्री आणि गुंड्याचे दात

फिनलंडमध्ये सण साजरा करणे म्हणजे मुख्यतः झाडाचा कोणता तरी भाग घरात आणणे होय, असे इतकी वर्षे एस्पोमध्ये काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी विलोच्या काड्या, ईस्टरला बशीत उगवलेले कोवळे गवत, जूनमध्ये बर्चच्या डहाळ्या, ऑगस्टमध्ये क्रेफिशच्या पातेल्यात शेपूचे तुरे आणि डिसेंबरमध्ये तर हायसिंथचे कंद, स्प्रूसचे अख्खे झाड व वाळलेल्या काडांची आरास! गणपतीची एकवीस पत्री, पाडव्याचा कडुनिंब आणि दसऱ्याचा आपटा यांची लहानपणापासून सवय असल्यामुळे मला यात परके वाटण्यासारखे काही नव्हते, आणि हे सगळे सण मी मोठ्या हौसेने आपलेसे केले होते. पण फेब्रुवारीत आमच्या घरी गुंड्या हा कुत्रा आला, आणि घरात येणारी प्रत्येक वनस्पती हा आपल्यासाठीच आणलेला नैवेद्य आहे, अशी त्याची पहिल्या दिवसापासून श्रद्धा आहे.

गुंड्या जातीने फिनिश लॅपहुंड आहे. उत्तरेकडे सामी लोकांनी रेनडिअरचे कळप वळण्यासाठी ही जात पिढ्यानपिढ्या राखली. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात रेनडिअर नसल्यामुळे तो कुंड्या वळतो. वळताना भुंकण्याचीही या जातीची रीत आहे, आणि आमच्या इमारतीच्या नियमावलीत रात्री 10 ते सकाळी 7 शांतता पाळावी, असे लिहिलेले आहे. ती नियमावली मराठीतून समजावून सांगितली तरी गुंड्यावर तिचा परिणाम होत नाही.

कुंड्या कमी कराव्यात, असा सल्ला सासूबाई साताऱ्याहून देतात. त्यांना इथला डिसेंबर ठाऊक नाही. त्या महिन्यात सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो, आणि मधल्या वेळातही तो बहुधा ढगांच्या मागेच कामकाज आटोपतो. अशा वेळी खिडकीच्या रुंद फळीवरचे हिरवे पान हाच माणसाला मोठा आधार असतो, आणि म्हणूनच इथल्या घरोघरीच्या खिडक्या कुंड्यांनी भरलेल्या दिसतात. आपल्याकडे तुळशीपुढे दिवा लावतात. इथे तुळस जगवायची तर तिच्यावर दिवा लावावा लागतो, आणि तोही दिवसातले बारा तास. आमच्या तुळशीला असा खास दिवा आहे, तिच्या शेजारी मनी प्लांट आहे आणि कोपऱ्यात नवऱ्याने रोपापासून वाढवलेला, आता त्याच्याच उंचीला आलेला मॉन्स्टेरा आहे.

कुत्र्यांना अपायकारक असलेल्या झाडांची यादी आम्हाला पशुवैद्यांनी दिली, तेव्हा तीत आमची निम्मी खिडकी सापडली. मॉन्स्टेरा आणि मनी प्लांट ही दोन्ही अळूच्या कुळातली झाडे. कच्च्या अळूने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक याही पानांत असतात. गुंड्याने मॉन्स्टेराचे एक पान चावले, संध्याकाळभर लाळ गाळत पंजाने तोंड चोळले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पानात काही तरी दोष असावा अशा समजुतीने, दुसरे पान चावून पाहिले. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, त्याला चिंच घालून द्यायला हवं होतं.”

एवढ्यात ईस्टरच्या आधीचा रविवार आला. त्या दिवशी लहान मुले चेटकिणीचा वेश करतात, डोक्याला रुमाल बांधतात, गालांवर ठिपके काढतात आणि रंगीत पिसे व कागदी फुले बांधलेल्या विलोच्या काड्या घेऊन दारोदार फिरतात. दार उघडताच काडी तुमच्यासमोर हलवून एक गाणे म्हणतात. वर्षभर ताजेतवाने आणि धडधाकट राहा, काडी तुला आणि बक्षीस मला, असा त्याचा साधारण मतलब असतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स लोकांची काडीने आशीर्वाद देण्याची चाल आणि पश्चिमेकडची चेटकिणींची कल्पना यांच्या मिश्रणातून हा प्रकार तयार झाला, असे सांगतात. आमच्या दारातली चेटकीण पाचेक वर्षांची होती. तिने गाणे सुरू केले आणि गुंड्याने काडीचे दुसरे टोक पकडले. फिनिश मुले अत्यंत शिस्तीची असतात. तिने काडी न सोडता गाणे शेवटपर्यंत म्हटले, आणि गुंड्यानेही न सोडता ते शेवटपर्यंत ऐकले. बक्षीस म्हणून द्यायची चॉकलेटची अंडी माझ्या हातात होती. चॉकलेटही कुत्र्यांना विषारी असल्यामुळे मी तो हात डोक्याच्या वर धरून उभी होते. समोरून पाहणाऱ्याला आशीर्वाद मीच देत आहे असे वाटले असते. शेवटी काडी वाचली, पण तिची पिसे गेली.

ईस्टरसाठी माझ्या मुलीने शाळेतून आणलेले बी बशीतल्या मातीत पेरले होते. त्याचे दाट हिरवे गवत झाले की त्यात कापसाची पिवळी पिले बसवायची असतात. आमची पिले गुड फ्रायडेला मोकळ्या मातीत बसली होती. गवत खाल्लेला कुत्रा पुढे काय करतो ते श्वानप्रेमी वाचकांना ठाऊकच आहे, आणि गुंड्याने ते करण्यासाठी दिवाणखान्यातली चिंध्यांची लांब सतरंजी निवडली. या सतरंज्या फिनिश घरांचे भूषण आहेत. उन्हाळ्यात लोक त्या समुद्रकाठी, खास त्यासाठी बांधलेल्या सार्वजनिक जागी नेऊन पाइनच्या साबणाने घासतात आणि दांड्यांवर वाळत घालतात. घाटावर धुणे धुणाऱ्या आजीची नात म्हणून मला तिथे अगदी घरच्यासारखे वाटते. एप्रिलच्या थंडीत मात्र तिथे मी एकटीच होते.

मेच्या पहिल्या तारखेसाठी इथे लिंबू, साखर आणि यीस्ट घालून ‘सिमा’ नावाचे पेय मुरवतात. बाटलीत मनुका टाकतात. त्या तरंगू लागल्या की पेय तयार झाले असे समजायचे. मनुकाही कुत्र्यांना विषारी! याच सुमारास मुलीच्या कोटाच्या खिशातल्या झायलिटॉलच्या गोळ्याही आम्ही कुलूपबंद केल्या. तुर्कूमध्ये 1970 च्या दशकात झालेल्या संशोधनापासून ही साखर फिनलंडच्या दातांची राखणदार झाली आहे. ती माणसाचे दात राखते आणि कुत्र्याची रक्तातली साखर जीवघेणी खाली आणते. ती मुळात बर्चच्या लाकडातून काढत, हे कळल्यावर मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

जूनमधल्या युहान्नुसला, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडे उभी करतात आणि सौनात, म्हणजे गरम वाफेच्या न्हाणीत, अंगावर मारून घ्यायला डहाळ्यांची जुडी बांधतात. या देशात कोणाच्याही रानात फिरण्याचा, बेरी आणि भूछत्रे गोळा करण्याचा हक्क सर्वांना आहे. फांदी मात्र मालकाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे मी रीतसर परवानगी मागत होते, त्या पाच मिनिटांत पट्ट्याला बांधलेल्या गुंड्याने विनापरवाना दोन फांद्या सोलल्या. शेतकऱ्याने काहीही न बोलता त्याला तिसरी दिली. शेजारीच कुंपणालगत घंटेच्या आकाराच्या पांढऱ्या फुलांचा गालिचा पसरला होता. ते फिनलंडचे राष्ट्रीय पुष्प. त्याचे पान, फूल, फळ सगळेच विषारी आणि थेट हृदयावर परिणाम करणारे. राष्ट्रीय पुष्प निवडताना कुत्र्यांच्या प्रतिनिधीला बोलावलेले नसावे.

गुंड्यामुळे नुसते नुकसानच झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या इमारतीत लोक लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे पाहतात, आणि जिन्यात कोणाची चाहूल लागली तर ती व्यक्ती जाईपर्यंत दाराआड थांबतात. शरद ऋतूत सगळ्यांनी मिळून अंगण झाडण्याच्या दिवशी, पानांचा रचलेला ढीग गुंड्याने सर्वांसमक्ष उधळला आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी प्रथमच बोलल्या. त्या माझ्याशी नव्हे, गुंड्याशी बोलल्या. पण फिनिश शिष्टाचारात एवढे पुरे असते. तेव्हापासून त्या त्याला आपल्या तब्येतीची हकीकत रोज सांगतात आणि मी शेजारी उभी राहून ऐकते.

हिवाळा लागेपर्यंत आमच्या घरात गुंड्याचे तोंड पोहोचणार नाही अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे न्हाणीघराला लागून असलेला आमचा छोटा सौना. त्याच्या शेगडीचा फ्यूज काढून आम्ही वरच्या बाकावर मॉन्स्टेरा, मनी प्लांट आणि तुळस दिव्यासकट मांडली. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या जरा आधी आजी प्रथेप्रमाणे फुललेल्या हायसिंथची कुंडी भेट घेऊन आल्या. याचा कंदही विषारी, म्हणून मी ती कुंडी सौनात ठेवायला निघाले, आणि आजींचा चेहरा पांढराफटक पडला. नाताळच्या संध्याकाळी सौना घेतला नाही असे त्यांच्या आयुष्यात, युद्धाच्या वर्षांतसुद्धा, घडले नव्हते. त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि कुंड्या स्वतः बाहेर काढायला सुरुवात केली.

बाराचे ठोके पडले. दूरदर्शनवर तुर्कूच्या ब्रिंकाला वाड्याच्या सज्जातून नाताळच्या शांततेची घोषणा सुरू झाली. मधली काही वर्षे सोडली, तर चौदाव्या शतकापासून चालत आलेली ही घोषणा सगळा देश थांबून ऐकतो. आजी हातात तुळस घेऊन ताठ उभ्या राहिल्या. जो कोणी या सणाची शांतता बेकायदा किंवा अनुचित वर्तनाने भंग करील त्याला वाढीव शिक्षा होईल, असे त्या घोषणेत एक वाक्य आहे, आणि नेमक्या त्या वाक्याला गुंड्या झाडाखालच्या आराशीतला काडांचा बोकड घेऊन दिवाणखान्याच्या मध्यभागी येऊन बसला. घोषणा संपल्यावर आजींनी ती तरतूद त्याला फिनिशमध्ये सावकाश, एकेक शब्द तोडून पुन्हा समजावून सांगितली. त्याने मान कलती करून सगळे नीट ऐकले आणि बोकडाचे उरलेले शिंगही खाल्ले.