गिलगुड म्हणजे नुसता आवाज? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आधी चूक कबूल करतो. गाजलेली ब्रिटिश अभिनेत्री एलन टेरी ही इंग्लिश नट जॉन गिलगुडची आजी नव्हे. आजी केट टेरी, एलन तिची धाकटी बहीण. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य आक्षेप. गिलगुड म्हणजे नुसता गळा, खरा नट लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि म्हातारपणी पैशासाठी पडद्यावर बटलर झालेल्या माणसाचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचारलंय.

शरीराबद्दल तुमचं निम्मं खरं आहे. नाटक शिकत असताना बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, तू मुडदूस झालेल्या मांजरासारखा चालतोस. (ही गोष्ट जगाला कळली ती त्याच्याचकडून!) पण १९३५ साली लंडनच्या न्यू थिएटरात त्याने आणि ऑलिव्हिएने 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधले रोमिओ आणि मर्क्युशिओ आलटून पालटून केले, तेव्हा समीक्षकांनी झोडपलं ते ऑलिव्हिएच्या पद्य म्हणण्याला. 'ज्युलियस सीझर' चित्रपटाच्या वेळी मार्लन ब्रँडोनेही आपली भाषणं बसवायला गिलगुडचीच मदत घेतली. वाक्यात विचार नेमका कुठे वळतो हे ज्याला कळतं, त्याच्याकडे 'नुसता' गळा नसतो.

बटलरबद्दल मात्र मला तुमचं अजिबात पटत नाही. १९५६ नंतर लंडनला चिडलेले तरुण नाटककार आले आणि गिलगुड जुनाट वाटू लागला. काही वर्षं तो शेक्सपियरचे वेचे म्हणत फिरलाही. पण १९७५ मध्ये नॅशनल थिएटरच्या 'नो मॅन्स लँड' या हॅरॉल्ड पिंटरच्या नाटकात त्याने स्पूनर केला: चुरगळलेला सूट, पायात सँडल, दुसऱ्याच्या दारूवर रात्र काढणारा पडेल कवी. समोर तितकाच मोठा नट राल्फ रिचर्डसन. तोच राजेशाही आवाज आता एका फुकट्याच्या तोंडी होता, आणि त्याच्या भरजरी वाक्यांवर कुणाचाच विश्वास बसत नव्हता. आपल्या सर्वांत मोठ्या गुणाचीच अशी थट्टा करायला धाडस लागतं.

'आर्थर' चित्रपटातला तुम्ही म्हणता तो बटलर, हॉब्सन, त्याच वाटेवरचा. पटकथा चावट वाटली म्हणून आधी त्याने नकार दिला होता. मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता मालकाची अशी काही खरडपट्टी काढली की ७७व्या वर्षी ऑस्कर मिळालं.

पैशासाठी केलेली कामं? होती. 'कॅलिगुला' या उघड्यावाघड्या दृश्यांसाठी बदनाम चित्रपटाचं समर्थन मी करणार नाही.

'गांधी' तुम्ही पाहिला असेलच. त्यातला गिलगुडचा लॉर्ड आयर्विन पुन्हा एकदा बघा, या वेळी आवाज बंद करून. मग बोलू.