आधी बाइकवर बसून बघा, कंपनीचं नंतर बघू

नवीन बाइक घ्यायचीये, कोणती घेऊ, असं चारचौघात विचारून बघा. तुझी उंची किती, रोज चालवणार का फक्त सुट्टीला, मागे कोणी बसणार का, यातलं एक अक्षर न विचारता लोक डायरेक्ट कंपनीचं नाव सांगून मोकळे होतात. आणि ते नाव बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या टाकीवरचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की "कुठल्या कंपनीची घेऊ" हा प्रश्नच अर्धवट आहे, कारण एकाच कंपनीच्या दोन बाइकमधे जेवढा फरक असतो तेवढा कधीकधी दोन कंपन्यांच्या बाइकमधे पण नसतो.

रॉयल एन्फिल्डवाले चिडतील पण उदाहरण त्यांचंच घेतो, कारण इतकं क्लिअर दुसरं मिळत नाही. ६४८ सीसीचं तेच ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन इंटरसेप्टरमधे आहे, कॉन्टिनेन्टल जीटीमधे आहे आणि सुपर मिटिऑरमधे पण आहे. इंटरसेप्टरवर माणूस बऱ्यापैकी सरळ बसतो. जीटीला हँडल खाली, फूटरेस्ट मागे, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येतो आणि ट्रॅफिकमधे तासभर चालवली की ती मनगटं बोलायला लागतात. सुपर मिटिऑरची सीट ७४० मिमी, एकदम खाली, पाय पुढे पसरून बसायचं, पण वजन २४१ किलो. वर त्याच कंपनीची हिमालयन ४५०, सीट ८२५ मिमी. आता सांगा, "आपण एन्फिल्डवाले" म्हणजे यातलं नक्की कोण?

आणि सीट हाइटचा आकडा वाचून घरबसल्या निर्णय घेऊ नका. तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा कमी पोचतो, निमुळती असेल तर तीच उंची चालून जाते, शिवाय तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते तुमच्या वजनावर. म्हणून जे शूज घालून चालवणार तेच घालून जा, बसा, आणि दोन्ही पायांचं काय टेकतंय ते बघा, नुसता अंगठा का अर्धा तळवा. सपाट चकचकीत फरशीवर सगळंच जमतं हो. खरी गंमत रस्ता एका बाजूला उतरता असतो तिथे थांबल्यावर होते, तुम्ही सवयीने डावा पाय खाली सोडता आणि जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटं खाली असते, गाडी थोडीशी कलते, आणि एका ठराविक कोनानंतर दोनशे किलो धरून ठेवणं कोणाच्याही हातात राहत नाही. मग इंजिन गार्ड किती भारी आहे ते कळतं.

अजून एक टेस्ट, जी फार कमी लोक करतात. इंजिन बंद, साइड स्टँडवरून गाडी उभी करा आणि बाजूला उभं राहून हाताने मागे ढकला, थोडं वळवून. बस. पार्किंगमधून काढायला रोज हेच करावं लागणार आहे. वजन खाली आहे का वर, हँडल किती वळतं, सगळं तिथल्या तिथे समजतं, त्याला कुठलाही रिव्ह्यू लागत नाही.

पॉवरचं पण तसंच. एन्फिल्डच्याच क्लासिक ३५० चा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, २७ एनएम आहे पण तो ४००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो. केटीएमच्या जुन्या ३७३ सीसीच्या ३९० ड्यूकचा ३७ एनएम होता, पण ७००० ला. कागदावर ड्यूक मोठी, आहेच. पण ज्याला दिवसभर सेकंड-थर्डमधे निवांत जायचंय तो कुठल्या आरपीएमला जगतो याचा विचार कोणी करत नाही. आणि उलट पण खरं, ज्याला इंजिन जोरात फिरवायची, रेव्ह करायची हौस आहे त्याला थंप थंप करत जाणारी बाइक दोन महिन्यात बोअर होणार, मग कितीही लेगसी असू दे.

लेगसीवरून आठवलं. हे कंपनीप्रेम काही आपोआप उगवत नाही, ते व्यवस्थित लावलेलं पीक आहे. हार्ले-डेव्हिडसन ही अमेरिकन बाइक कंपनी १९६९ मधे एएमएफ नावाच्या कंपनीने घेतली, त्या काळात क्वालिटीची ओरड झाली, १९८१ मधे कंपनीच्याच मॅनेजर लोकांनी ती परत विकत घेतली आणि १९८३ मधे मालकांचा क्लब काढला, हार्ले ओनर्स ग्रुप. १९९४ मधे तर इंजिनच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता, सहा वर्षांनी मागे घेतला. मला यात काही वाईट वाटत नाही, हुशार धंदा आहे. फक्त आपण त्याला "रक्तात आहे" वगैरे म्हणतो तेव्हा जरा हसू येतं, कारण आज हार्लेची एक्स४४० हीरो बनवते, ट्रायम्फची स्पीड ४०० बजाज, आणि बीएमडब्ल्यूची जी ३१० आर टीव्हीएसने बनवली. चांगल्याच बनवल्या, प्रश्न तो नाहीये. पण मग निष्ठा नक्की कोणाशी, कारखान्याशी, इंजिनियरशी का बॅजशी? आणि ती ट्रायम्फ तरी कुठे जुनी, १९८३ मधे कंपनी बुडाली तेव्हा जॉन ब्लूर नावाच्या बिल्डरने नाव विकत घेतलं आणि नवा कारखाना नव्या जागी उभा केला.

कंपनी बघायचीच असेल तर एकाच गोष्टीसाठी बघा, सर्व्हिस. स्पेअर पार्ट किती दिवसात येतो, मेकॅनिकला त्या इंजिनची सवय आहे का, क्लच केबल तुटली तर जवळपास मिळेल का. इथे नाव खरंच कामाला येतं, आणि एखादी साधी, खपणारी बाइक भारी बाइकला इथेच मात देते. होंडाची सुपर कब १९५८ पासून चालू आहे आणि २०१७ मधे तिने दहा कोटी गाड्यांचा टप्पा पार केला, ती काय लोकांनी टॅटू काढून घेतली नव्हती.

मागे कोणी नेहमी बसणार असेल तर त्यांनाही बसवून चक्कर मारा. पिलियन सीटचा फोम आणि फूटरेस्टची उंची यावर कितीतरी ट्रिप कॅन्सल झाल्यात.

आता कोणी म्हणेल की मन जडलं तर काय करायचं. घ्या की, पैसे तुमचे. सीटचा फोम कापता येतो, हँडल वर उचलणारे रायझर मिळतात, लोअरिंग लिंक टाकून मागून उंची कमी करता येते. फक्त लिंक टाकली की ग्राउंड क्लिअरन्स जातो, पुढची बाजू पण तेवढीच खाली घेतली नाही तर वळताना गाडी आळशी वाटते, आणि साइड स्टँड आता लांब पडल्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, जरा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला पडते, म्हणजे स्टँड पण कापून वेल्ड करून घ्या. हे सगळं करून खूश असलेले लोक मी बघितलेत, खरंच खूश आहेत. पण मग दुसऱ्याला "डोळे झाकून घे, हीच बेस्ट" असं सांगताना आपण तिच्यात काय काय बदलून घेतलंय तेवढं पण सांगत जा राव.