लॉग वाचू नये, विषय वाढतो

सकाळी सव्वाअकराला डिस्पॅचमधून फोन येतो. "सायेब, सिस्टीम अडकलीया. चलन निघंना. गाडी भरून उभी हाय." अशा वेळी काय अडकलं, कधीपासून अडकलं, स्क्रीनवर काय लिहून आलंय, यातलं काहीएक विचारायचं नाही. विचारलंत की समोरचा वाचून दाखवतो, आणि तिथं बहुतेक वेळा उत्तरच लिहिलेलं असतं. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' एवढे पाच शब्द ऐकवले तर कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला कुठलाही फिटर सांगेल, डिस्क भरली असंल बघा. पण तुम्ही फिटर नव्हे, सिस्टीम ॲडमिन. तुम्ही रीबूट मारा.

कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत पोकळी, आला तर फौंड्रीतला सुपरवायझर तो पीस बाजूला काढतो, कापून बघतो, वाळू ओली होती का धातू थंड होता ते शोधतो. असली किरकोळ माणसं असतात. तुम्ही पीस न बघताच परत भट्टीत टाका. रीबूटने चालू प्रोसेस जातात, उघडी कनेक्शनं जातात, कोणी किती मेमरी धरली होती ते जातं. जर्नलचा लॉग, म्हणजे सिस्टीमने स्वतःच लिहिलेली नोंदवही, तीही जावी अशी इच्छा असेल तर /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी चुकूनही बनवू नका. 'स्टोरेज=ऑटो' सेटिंग असताना ती नसेल तर सिस्टीमडी, म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिसचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर, जर्नल /रन मध्ये ठेवतं, म्हणजे मेमरीत, आणि मेमरीचं रीबूटला काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. डिरेक्टरी असली की 'जर्नलसीटीएल -बी -१' मारून कोणीही मागच्या बूटमधलं सगळं वाचू शकतो. नसता ताप.

रीबूटला खरी रंगत यायला हवी असेल तर तयारी आधीपासून लागते. दीड वर्षापूर्वी बॅकअपसाठी जोडलेली यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, लिहून ठेवा, पुढे 'नोफेल', म्हणजे नसली तरी चालेल, असं लिहू नका, आणि मग ती डिस्क काढून कोणाला तरी घरी न्यायला द्या. लिहिल्यावर 'माउंट -ए' किंवा 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून बघणं हा भित्र्यांचा उद्योग. दीड वर्ष काही होत नाही. आज रीबूट मारलात की स्क्रीनवर तारका इकडून तिकडे पळतात, सिस्टीम त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा, म्हणजे मुख्य मालक-खात्याचा, पासवर्ड मागते. तो पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलाला माहीत असतो. गाडी अजून उभीच असते.

समजा रीबूट झाला आणि डिस्क तरीही भरलेलीच आहे. इथे मात्र जरा थांबू, कारण हा विषय खोल आहे. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. जुलै लागला की चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा सकाळच्या पेपरआधी आजची पातळी फूट-इंचात सांगतो. डिस्कला असले लाड नकोत. ८० टक्क्यांना इशारा, ९० ला धोका, असा पाच ओळींचा स्क्रिप्ट लावला की मेल येतात, आणि मेल आले की ते वाचायची जबाबदारी येते. त्यापेक्षा पाणी थेट घरात आल्यावर बघावं.

तर, डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारं 'डीएफ -एच' मारलात. ५० जीबीची पार्टिशन, ४७ वापरलेली, उरलेली रूटसाठी राखीव, शिल्लक शून्य, १०० टक्के. /व्हार/लॉग मध्ये गेलात, ॲप्लिकेशनचा ३६ जीबीचा लॉग दिसला. कोणी आठ महिन्यांपूर्वी एक अडचण शोधायला डीबग लेव्हल, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहायची सोय, चालू केली होती. अडचण सापडली नाही आणि डीबग बंद झाला नाही. आता तुम्ही रुबाबात फाइल पुसणारं 'आरएम' मारा. फाइल गेली. परत 'डीएफ' मारा. ४७ वापरलेली, शिल्लक शून्य, १०० टक्के.

इथेच बरेच जण हात टेकतात आणि ते योग्यच आहे. फाइलींची बेरीज करणारं 'डीयू -एक्सएसएच /' मारलं तर तो ११ जीबी म्हणतो, डीएफ ४७ म्हणतो, ३६ चा हिशेब लागत नाही. दारावरची पाटी उतरवली म्हणून भाडेकरू खोली सोडत नसतो, एवढं सोपं आहे ते. 'आरएम'ने फक्त डिरेक्टरीतलं नाव पुसलं. ज्या प्रोसेसने ती फाइल उघडून धरली आहे तिने सोडेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा परत देत नाही. डीयू पाट्या मोजत फिरतो, डीएफ खोल्या मोजतो. 'एलएसओएफ +एल१' मारलं की एका ओळीत प्रोसेसचं नाव, तिचा नंबर, फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक), आकार आणि शेवटी 'डिलीटेड' असा शब्द येतो. ती सर्व्हिस नीट रीस्टार्ट केली, किंवा ते जमण्यासारखं नसेल तर /प्रॉक मधल्या त्या प्रोसेसच्या 'एफडी' डिरेक्टरीत जाऊन तो डिस्क्रिप्टर रिकामा केला, की ३६ जीबी क्षणात मोकळे. मुळात 'आरएम'ऐवजी फाइल ठेवून आतलं रिकामं करणारं 'ट्रंकेट -एस ०' मारलं असतं तर हा खेळच झाला नसता. त्यातही एक मेख आहे. प्रोसेसने फाइल अपेंड मोडमध्ये, म्हणजे शेवटाला जोडत जायला, उघडली नसेल तर ती जुन्याच जागेपासून पुढे लिहीत राहते, 'एलएस' परत ३६ जीबी दाखवतो आणि डीयू मात्र दोन एमबी. हे साहेबांना दाखवा, ते तुम्हाला दुपारची सुट्टी देतील.

पण तुम्ही यातलं काही करू नका. मोकळं होईना म्हटल्यावर अजून फाइली उडवा. ज्यांची नावं ओळखीची वाटत नाहीत त्या आधी.

कधी उलटंही होतं. डीएफ ४० टक्के दाखवतो आणि तरी जागा नाही म्हणून ओरडा. अशा वेळी 'डीएफ -आय' मारायचं नाही. मारलंत तर आयनोड १०० टक्के दिसतील, म्हणजे जागा आहे पण वहीत नोंद करायला ओळ उरली नाही. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम साधारण दर १६ केबीमागे एक आयनोड धरते आणि ते प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं, नंतर बदलत नाही. दोष बहुतेक वेळा पीएचपी या वेबभाषेच्या सेशन फाइलींचा असतो, लाखांनी साठलेल्या. तिथे 'आरएम *' मारलं की शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, म्हणतो यादी फार लांब झाली. मग 'फाइंड' वापरावं लागतं, आणि त्यासाठी आमचा खास सल्ला: '-डिलीट' आधी लिहा, '-एमटाइम +७' मागाहून. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे आधी सगळं पुसतो आणि मग सात दिवस झालेत का ते बघतो. काम कसं, काटा किर्र.

आता परमिशन. वेबसाइट 'परमिशन डिनाइड' म्हणते. यावर जगात एकच औषध, ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, तेही '-आर' लावून आतल्या सगळ्याला, आणि शक्यतो मुळापासून. खरं कारण शोधायचं तर 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ द्यावा लागतो. तो वाड्याच्या दिंडी दरवाजापासून आतल्या खोलीपर्यंत प्रत्येक दाराची परमिशन ओळीने दाखवतो, आणि बहुधा कळतं की फाइल ठीक आहे, पण वरच्या होम डिरेक्टरीला बाहेरच्यांसाठी 'एक्स', म्हणजे आत शिरायची मुभा, नाही. एका दाराची एक कडी. पण एक कडी काढण्यात कसलं शौर्य? सगळ्या भिंती पाडा. मग रूटचे अधिकार देणाऱ्या 'सुडो'चा सेटयूआयडी बिट, म्हणजे ते अधिकार घ्यायची खूण, जातो आणि सुडो चालायला नकार देतो. दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर स्वतःच्या होस्ट की, म्हणजे ओळखीच्या गुप्त किल्ल्या, बघतो, सगळ्यांना वाचता येताहेत म्हणून त्या वापरतच नाही, आणि पुढच्या रीस्टार्टला उभाच राहत नाही. म्हणजे आत यायचं दार बंद, आणि बाकीचा वाडा सताड उघडा.

दार बंद करून घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. रंकाळ्याजवळच्या घरी बसून गोकुळ शिरगावच्या सर्व्हरवर फायरवॉल चालू करणारं 'यूएफडब्ल्यू एनेबल' मारा, एसएसएचचं पोर्ट २२ उघडं ठेवायची ओळ नंतर लिहू म्हणून. दुसरं सेशन उघडं ठेवू नका, 'ॲट' वापरून दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप उतरवायची सोय करू नका, कॉन्फिग बदलल्यावर ते तपासणारं 'एसएसएचडी -टी' तर मुळीच नको. रात्री साडेदहाला हायवेवरून मोटारसायकल मारायला मजा येते. पावसात जास्तच.

लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाची रांग, २४, कोअर चार. यावर सापडेल त्याला 'किल -९'. लिनक्स लोडमध्ये फक्त सीपीयू मागणारे नव्हे, डिस्कची वाट बघत 'डी' स्थितीत बसलेलेही मोजतो. सीपीयू निवांत असतो आणि रांग नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या, केबलपाशी लागलेली असते. 'डी'मधल्या प्रोसेसला बहुधा किल लागू पडत नाही, पण तुम्ही मारत राहा, समाधान मिळतं. मेमरीचं त्याहून सोपं: 'फ्री' मधला 'अव्हेलेबल' हा रकाना सोडून 'फ्री' रकान्याकडे बघा, घाबरा, रॅम मागवा. कर्नल रिकामी मेमरी फाइल कॅशला वापरतो आणि लागली की परत देतो, हे पुरवठादाराला कळू देऊ नका.

राहिला क्रॉन, ठरल्या वेळी कामं चालवणारा. 'क्रॉनटॅब -ई' म्हणजे एडिट, '-आर' म्हणजे सगळं साफ, आणि कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी शेजारी. विचारत नाही, सांगत नाही, सरळ उडवतो. म्हणून यादी दाखवणाऱ्या 'क्रॉनटॅब -एल' ची प्रत कुठे ठेवू नये. शिवाय सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहू द्या. रात्री दोनला लावलेलं जड काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतं, नेमकं पहिली पाळी सात वाजता आत आल्यावर. रोज अर्धा तास सिस्टीम संथ का, यावर तुम्हाला वर्षभर मीटिंगा मिळतील.

बॅकअपही क्रॉनमध्येच घाला. डेटाबेसची प्रत काढणारं मायएसक्यूएलडम्प, मग पुढच्या कमांडला माल देणारा पाइप, मग दाबून लहान करणारा जीझिप, मग तारखेचं नाव असलेली फाइल. तारखेसाठी जो टक्क्याचा चिन्ह लागतो तो क्रॉनटॅबमध्ये ओळ तोडतो, त्याच्या आधी उलटा स्लॅश द्यावा लागतो. ते तुम्हाला कोणीतरी सांगेल, तुम्ही द्याल, आणि फाइली तयार व्हायला लागतील. रोज एक, अगदी वेळेवर. आता कृपा करून फाइलींचा आकार दाखवणारं 'एलएस -एल' मारू नका.

कारण हातात कमांड चालते ती तुमच्या लॉगिनच्या पाथवर, म्हणजे कमांड कुठे शोधायची त्या यादीवर. क्रॉनचा पाथ बहुतेक ठिकाणी /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. तुमचा डेटाबेस /यूएसआर/लोकल खाली बसवलेला असेल तर क्रॉनला डम्पची कमांड सापडतच नाही. शेल 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो, ते वाक्य रूटच्या मेलबॉक्समध्ये जातं, किंवा मेलची सोयच नसेल तर हवेत. जीझिप मात्र सज्जन. त्याला काहीच मिळालं नाही तरी तो काहीच नसल्याची नीट घडी घालून फाइल करतो: १० बाइट हेडर, २ बाइट रिकामा मजकूर, ८ बाइट शेवटची बेरीज. मिळून २० बाइट. आणि पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो, म्हणून सगळं यशस्वी. बॅशमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' लिहिलं असतं तर निकाल खरा लागला असता, पण नापास व्हायला कोणाला आवडतं?

महिनाअखेरीस अहवालात लिहा: बॅकअप रोज होतो, ३० फाइली उपलब्ध. वजन एकूण ६०० बाइट, हे लिहायची गरज नाही. बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरला, तळमजल्यावर, शाहूपुरीत ठेवलीत तर उत्तमच. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर अजून असेल, रॅक तिच्या खाली बसवा. रिस्टोअर करून बघायचा मोह झाला तर गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्या, मोह जातो.

एक शेवटची ओळ मात्र स्क्रिप्टमध्ये विसरू नका, जुन्या फाइली काढणारी: 'फाइंड', पुढे '-एमटाइम +३०', पुढे '-डिलीट'. क्रॉन लावायच्या आदल्या रात्री हाताने घेतलेली ४ जीबीची खरी फाइल त्या डिरेक्टरीत अजून आहे. फाइंड पूर्ण दिवसच मोजतो, म्हणून तिला ३१ दिवस भरायची वाट बघतो. आज तिसावा आहे. डिस्पॅचचा फोन आला तर उचलू नका.