सल्ला देणं म्हणजे समुपदेशन नव्हे

समुपदेशन म्हणजे ‘योग्य वेळी योग्य सल्ला’ असं समुपदेशनावरच्या एका लेखात वाचलं आणि तिथेच अडखळले. मी गोव्यात डिचोलीकडे व्यसनमुक्तीचं काम करते. पहिली दोन वर्षं सल्लेच दिले. लोक माना डोलवायचे आणि तिन्हीसांजेला परत बारवर!

मायकल व्हाइट (ऑस्ट्रेलिया) आणि डेव्हिड एप्स्टन (न्यूझीलंड) यांनी १९८०च्या दशकात उभी केलेली नॅरेटिव्ह थेरपी ही समुपदेशनाची पद्धत शिकायला लागले, तेव्हा आधी माझे प्रश्न बदलले. समस्या आणि माणूस वेगळे धरायचे. ‘का पितोस?’ नाही, ‘दारू तुम्हाला कधी गाठते? तिला चुकवलंत असं कधी झालं?’

२०१२ साली खाणी बंद पडल्यावर ट्रक विकावा लागलेले एक काका (ओळख बदलली आहे) हे ऐकून बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडत बसले. मग म्हणाले, “चवथीक. माटोळी हांवच बांदतां.” (गणेशचतुर्थीला. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळं-पानांची चौकट, मीच बांधतो.) पुढचा अर्धा तास फक्त माटोळी. कवंडळं कुठल्या रानात मिळतात, काय कुठे बांधायचं. त्या दिवसांत ते थेंबही घेत नाहीत, हे घरच्यांनीही कधी नीट पाहिलं नव्हतं.

एक तक्रार मात्र आहे. आमच्या प्रशिक्षणातला सगळा सराव इंग्रजीतून होता. ‘एक्स्टर्नलायझिंग’ला, म्हणजे समस्या माणसापासून अशी वेगळी धरण्याला, कोंकणीत काय म्हणायचं, ते काकांसमोर बसूनच शोधावं लागलं.