वगळावयाचे अभ्यासक्रम

आमच्या कम्युनिटी कॉलेजात दर पाच वर्षांनी अभ्यासक्रमांचे पुनरावलोकन होते. म्हणजे कोणते अभ्यासक्रम ठेवायचे, कोणते सुधारायचे आणि कोणते माहितीपुस्तिकेतून सन्मानाने वगळायचे, हे एक समिती ठरवते. यंदा त्या समितीचे सचिवपद माझ्याकडे आले. 'आले' हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरत आहे, कारण ज्या बैठकीत माझी निवड झाली त्या बैठकीला मी हजर नव्हतो, आणि गैरहजर माणसाइतक्या निर्विवाद एकमताने निवडून येणारा उमेदवार शिक्षणक्षेत्रात दुसरा नसतो. आदेश हातात देताना उपप्राचार्य म्हणाले, "फार काही नाही सर, एक तक्ता भरायचा आहे." तो तक्ता मी संगणकावर उघडला आणि त्याचा उजवा काठ शोधत निघालो, तेव्हा स्तंभांची अक्षरे 'ए'पासून 'झेड'पर्यंत संपून पुन्हा 'एए'पासून सुरू झालेली आढळली. ओळी होत्या दोनशे चौदा.

तरीही सुरुवातीला माझा उत्साह दांडगा होता. पहिल्याच बैठकीत मी एक निकष मांडला: सलग तीन सत्रांत दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेला अभ्यासक्रम वगळण्यासाठी विचारात घ्यावा. निकष सोपा, निःपक्षपाती आणि कोणाच्याही नावाचा उल्लेख नसलेला असल्यामुळे तो चर्चेविना मंजूर झाला. अशा ओळी आपोआप पिवळ्या व्हाव्यात, अशी सोय मी तक्त्यात करून ठेवली. एवढी निर्दयता आपल्या अंगी आहे हे मला माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर तिचा थोडा अभिमानही वाटला.

माहितीपुस्तिका मी त्याआधी कधी सलग वाचलेली नव्हती. कोणीच वाचलेली नसते. प्रत्येक जण आपले पान उघडतो, आपले आडनाव बरोबर छापले आहे का ते बघतो आणि पुस्तिका मिटतो. सलग वाचल्यावर मात्र माळ्यावर चढल्यासारखे वाटले. फ्लॅशच्या साहाय्याने वेबसाठी ॲनिमेशन शिकवणारा एक अभ्यासक्रम होता. फ्लॅश प्लेयरचा आधार त्याच्या कंपनीनेच ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. आमच्या पुस्तिकेने मात्र त्याला अंतर दिले नव्हते. संगणक परिचयाच्या अभ्यासक्रमात 'फ्लॉपीची निगा' हा उपघटक होता आणि त्याला दोन तासिका नेमून दिलेल्या होत्या. फ्लॅशचा अभ्यासक्रम एका मिनिटात वगळला गेला, कारण तो शिकवणारे गृहस्थ कॉलेज सोडून गेलेले होते. ज्याचा शिक्षक जिवंत आहे आणि बैठकीला येऊ शकतो, त्या अभ्यासक्रमाचे तसे नसते.

हे मला 'डीटीपी १०२: पेजमेकर ७.०' या पिवळ्या ओळीवर आल्यावर समजले. पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली, तेव्हा तिच्यासाठी फार अश्रू ढाळावे लागतील असे मला वाटले नव्हते. मी 'वगळावा' असे लिहिले. तक्त्याने लगेच लाल अक्षरांत कळवले की हा अभ्यासक्रम 'प्रगत पृष्ठरचना' या अभ्यासक्रमाची पूर्वअट आहे. मी पूर्वअट काढली. मग लक्षात आले की दोन्ही अभ्यासक्रम मुद्रणतंत्राच्या प्रमाणपत्रात आहेत, त्या प्रमाणपत्राला तीस श्रेयांक (क्रेडिट) लागतात, आणि पेजमेकरचे तीन गेले की उरतात सत्तावीस. सत्तावीस श्रेयांकांच्या प्रमाणपत्राला आमच्या नियमावलीत नावच नाही. म्हणजे ज्याला कोणी विचारत नव्हते त्या अभ्यासक्रमाच्या खांद्यावर एक अख्खे प्रमाणपत्र उभे होते.

मुद्रणतंत्राचे सर पुढच्या बैठकीला आले. शांत, मोजके बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "सर, वर्गात मी गेली कित्येक वर्षे पेजमेकरच्या जागी आलेले इनडिझाइन शिकवतो आहे. पुस्तिकेत पेजमेकर लिहिले आहे म्हणून मुले फिरकत नाहीत. नाव तेवढे बदलून द्या." मागणी इतकी रास्त होती की मला नियमावली उघडावी लागली. नियमावलीप्रमाणे आशय पाव हिश्शापेक्षा जास्त बदलला, तर तो अभ्यासक्रम नवा धरला जातो. नव्या अभ्यासक्रमाला नवा क्रमांक लागतो. जुना क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, कारण तो जुन्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांवर छापलेला आहे. नव्या क्रमांकासाठी नवा प्रस्ताव लागतो आणि नव्या प्रस्तावांची मुदत माझी नियुक्ती होण्याच्या आदल्या आठवड्यात संपलेली होती. थोडक्यात, मेलेला अभ्यासक्रम मेलेलाच ठेवला तर तो नियमात बसत होता. त्याला जिवंत करणे मात्र नियमबाह्य होते.

यावर सरांनी, आवाज जराही न चढवता, एक वाक्य टाकले. अमेरिकेतले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज जोलिएटला १९०१ साली सुरू झाले, तेव्हा तिथे विद्यार्थी होते सहा. "माझ्याकडेही सहाच आहेत," ते म्हणाले, "आणि मी कॉलेज मागत नाही, तीन श्रेयांक मागतो आहे." बैठकीत क्षणभर शांतता पसरली. इतिवृत्तात मी लिहिले: 'संबंधित प्राध्यापकांनी भावनिक भूमिका मांडली. समितीने ती ऐकून घेतली.' हे वाक्य मला फार समतोल वाटले होते.

श्रेयांकांविषयी इथे थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळी भांडणे शेवटी तिथेच येतात. आमच्याकडे पंधरा तासांचे व्याख्यान किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. शिकणे तासांत मोजण्याची ही रीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली, आणि ती रुजवण्यात कार्नेगी प्रतिष्ठानाचा मोठा हात होता. त्या प्रतिष्ठानाचा मूळ हेतू प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्याचा होता. पण निवृत्तिवेतन द्यायचे तर कोणती संस्था खरोखर महाविद्यालय म्हणावी हे ठरवणे आले, त्यासाठी प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने किती शिकलेले असावे हे ठरवणे आले, आणि ते मोजायला १२० तासांचे एक माप पक्के झाले. निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून आलेली गोष्ट प्राध्यापकांनी आजवर प्राणपणाने जपली, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

परंतु श्रेयांक परवडले, असे म्हणण्याची वेळ क्रियापदांनी आणली. प्रत्येक अभ्यासक्रमाची 'अध्ययन निष्पत्ती' नव्याने लिहायची होती आणि तिच्यात फक्त मोजता येणारी क्रियापदे चालणार होती. सोबत शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी केलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा तक्ता जोडलेला होता. हे वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि २००१ साली सुधारले गेले. त्यात सहा पायऱ्या आहेत आणि सुधारित तक्त्यातली दुसरी पायरी 'समजणे' ही आहे. सूचनापत्रकात मात्र ठळक अक्षरांत बजावले होते की 'समजणे' हे क्रियापद वापरू नये, कारण ते मोजता येत नाही. म्हणजे विद्यार्थ्याने दुसरी पायरी चढायची, पण चढला असे कोणी लिहायचे नाही.

लेखापालनाच्या मॅडमनी लिहिले होते, 'विद्यार्थ्यांना जमाखर्चाची तत्त्वे समजतील.' मी ते परत पाठवले. त्यांनी सुधारून पाठवले, 'विद्यार्थी तत्त्वे समजल्याचे दाखवून देतील.' मी फोन केला, तर म्हणाल्या, "सर, समजल्याचे दाखवणे तर रोजच मोजते मी. समजणे मोजता येत नाही, हे मला मान्य आहे." ते वाक्य मी तसेच मंजूर केले. संगीत रसग्रहणाच्या प्राध्यापकांची अवस्था अधिक बिकट होती. 'आस्वाद घेईल' नामंजूर झाल्यावर त्यांनी 'ओळखेल', 'वर्गीकरण करेल', 'तुलना करेल' अशी क्रियापदे भरली आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले, 'वेळ उरल्यास ऐकेल.' ते पेन्सिलीचे वाक्य खोडण्याचे काम सचिवाचे असते. मी अजून खोडलेले नाही.

मधे एकदा उद्योगांचे प्रतिनिधी सल्ला द्यायला आले. नव्या यंत्रांची, नव्या प्रणालींची यादी मिळेल म्हणून आम्ही वह्या घेऊन बसलो होतो. त्यांनी एकमुखाने सांगितले की मुलांना वेळेवर यायला शिकवा. वेळेवर येण्याला किती श्रेयांक द्यावेत आणि त्याचे प्रात्यक्षिक कसे घ्यावे यावर पुढे दोन बैठका झाल्या. दोन्ही उशिरा सुरू झाल्या.

शेवटच्या आठवड्यात मी तक्ता कागदावर छापून घेतला. पडद्यावर दोनशे चौदा ओळी कधी एकत्र दिसत नाहीत, कागदावर दिसतात. अकराव्या पानावर, वरून चौथी ओळ, पिवळी: 'व्यावहारिक लेखन'. सत्रनिहाय विद्यार्थी नऊ, आठ, सात. प्राध्यापकाच्या रकान्यात माझे नाव होते.

पहिला संशय मी सूत्रावर घेतला. सूत्र बरोबर होते, ते मीच घातलेले होते. मग मी आकड्यांवर घेतला आणि हजेरीपटाशी ताडून पाहिले. त्यात एक विद्यार्थी तर दोनदा मोजला गेला होता, ते मी कोणाला सांगितले नाही. त्यानंतर दोन दिवस मला निकषातच एक तात्त्विक उणीव दिसू लागली, जी निकष मांडताना का दिसली नव्हती याचे मला नवल वाटत राहिले.

स्वतःच्या विषयावरील चर्चेत सचिवाने इतिवृत्त लिहू नये असा नियम आहे, म्हणून त्या बैठकीपुरती वही मुद्रणतंत्राच्या सरांकडे देण्यात आली. मी वीस मिनिटे बोललो. संख्या म्हणजे सर्व काही नव्हे, असे म्हणालो. लेखनाची गरज माणसाला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळते, पहिल्या सत्रात नव्हे, असे म्हणालो. 'व्यावहारिक' या शब्दामुळेच विद्यार्थी बिचकत असतील तर नाव बदलून द्यावे, असेही म्हणालो. त्यावर उपप्राचार्यांनी न बोलता नियमावली माझ्याकडे सरकवली. शेवटी मी स्वतःच्याच कानांनी स्वतःला म्हणताना ऐकले की जोलिएटला १९०१ साली सहाच विद्यार्थी होते आणि माझ्याकडे तर सात आहेत. सरांनी वहीतून मान वर केली नाही. लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचा मसुदा माझ्या टेबलावर आला. इतिवृत्त कसे लिहावे हा माझ्याच अभ्यासक्रमाचा तिसरा घटक आहे आणि त्यात मी विद्यार्थ्यांना सांगतो की वाक्य लहान असावे, विशेषण नसावे आणि लिहिणाऱ्याचे मत दिसू नये. सरांनी लिहिले होते: 'संबंधित प्राध्यापकांनी भावनिक भूमिका मांडली. समितीने ती ऐकून घेतली.' सही करण्यापूर्वी मी ते तीनदा वाचले. 'समितीने'मधली एक वेलांटी दीर्घ झालेली होती. ती मी दुरुस्त केली.